घटक ४ : त्याच्याशी, त्याची की त्याला? – बहुरूप्यापासून प्रँक चित्रपटापर्यंत

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• थट्टा, टिंगल आणि फसवणूक यांतील फरक भाषिक पुराव्याच्या आधारे सांगता येईल.
• बहुरूप्याचे सोंग, रंगभूमीवरील बनवाबनवी आणि प्रँक चित्रपट यांतील ‘बनाव’ परस्परांहून वेगळा कसा, हे स्पष्ट करता येईल.
• ग्राइस यांच्या सहकार्याच्या तत्त्वाचे उपयोजन करता येईल.
• एखाद्या प्रँक चित्रफितीचे स्वतंत्रपणे परीक्षण करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण श्लेष, अतिशयोक्ती, विसंगती व विडंबन या विनोदाच्या भाषिक साधनांचा परिचय करून घेतला. त्या प्रकारांत विनोद करणारा आणि विनोद ऐकणारा या दोघांनाही ‘हा विनोद आहे’ याची जाणीव असते. प्रस्तुत घटकात आपण याहून निराळ्या विनोदाचा विचार करणार आहोत. येथे दोघांऐवजी तिघे असतात : बनाव रचणारा, त्या बनावाला खरे मानणारी अनभिज्ञ व्यक्ती आणि दुरून हसणारा प्रेक्षक. अशा विनोदाला आज सर्रास ‘प्रँक’ म्हटले जाते. त्यावर पूर्ण लांबीचे चित्रपट निघाले आहेत आणि मोबाइलवर तर अशा चित्रफितींचा सुकाळ आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात विनोदाची भाषा शिकवून झाल्यावर दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने पुढील हकिकत सांगितली. तिचे सासरे आठवडी बाजारात वांगी विकतात. एके दिवशी दोन तरुण खाकी कपड्यांत त्यांच्यापुढे उभे राहिले. ‘‘परवाना दाखवा, नाहीतर दंड भरा,’’ असे म्हणून त्यांनी पाटी उचलायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने हात जोडले, कमरेची चंची सोडली आणि सकाळपासूनची सगळी कमाई पुढे केली. तेव्हा तरुण हसले, ‘‘गंमत केली आजोबा,’’ म्हणाले, पैसे परत देऊन निघून गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने आपल्या मोबाइलवर चित्रफीत दाखवली. तीत जोडलेले हात होते, थरथरणारी चंची होती, मागे हसण्याचे आवाज भरलेले होते. पैसे परत दिल्याचा भाग मात्र नव्हता. पुढचे दोन आठवडे सासरे बाजाराला गेले नाहीत.

हकिकत सांगून तिने विचारले, ‘‘सर, ही थट्टा झाली की फसवणूक? पैसे तर परत दिले.’’

त्या दिवशी लेखकाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत घटक हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याच भाषेत आणि आपल्याच परंपरेत आहे, असे तुमच्या ध्यानात येईल.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बहुरूपी : उघडा बनाव

लेखकाचे बालपण कुरुंदवाड येथे गेले. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हे गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, नृसिंहवाडीच्या शेजारी वसलेले आहे. पूर्वी ते पटवर्धनांच्या संस्थानाचे ठिकाण होते. सुगी आटोपली, घरात जोंधळ्याची पोती आली, की गावात बहुरूपी येत. सोंगे आणून भिक्षा मागणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. काही भागांत त्यांना रायरंद असेही म्हणतात. पौराणिक सोंगांबरोबरच पोलिसाचे सोंग त्यांच्या विशेष आवडीचे. आमच्या दारात झालेला एक संवाद लेखकाला आजही आठवतो.

‘‘हाय का कोण घरात? भाईर या. वॉरंट हाय तुमच्या नावचं!’’
‘‘कसलं वॉरंट?’’ आजीने विचारले.
‘‘काल रातीला तुमच्या मांजरानं आमच्या फौजदाराच्या सपनातलं दूध पिलं. तीन पंचांनी डोळं मिटून बघितलंय.’’
‘‘मग मांजराला धरा की. थांबा, हाक मारतो.’’
‘‘मांजर फरार हाय, आजी. जामीन म्हणून पायलीभर जोंधळं द्या.’’

(आजीच्या बोलण्यातील ‘मारतो’ हे रूप पाहा. कोल्हापूरकडील बोलीत अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी क्रियापद वापरतात.)

या संवादातील भाषिक व्यवहार बारकाईने पाहिला पाहिजे. ‘वॉरंट’, ‘फौजदार’, ‘पंच’, ‘जामीन’, ‘फरार’ हे सर्व शब्द कचेरीच्या भाषेतील आहेत. त्यांनी सत्तेची चौकट उभी राहते आणि ऐकणाऱ्याच्या छातीत क्षणभर धस्स होते. परंतु त्याच चौकटीत बहुरूपी ‘सपनातलं दूध’ आणि ‘डोळं मिटून बघणारे पंच’ आणून बसवतो. शब्द कायद्याचे, आशय अशक्य कोटीतला. ही विसंगती म्हणजेच त्याने दिलेली खूण होय. आजीने ती खूण ओळखली आणि मांजराला हाक मारण्याची तयारी दाखवून आपणही खेळात उतरली. त्या क्षणापासून ती फसणारी व्यक्ती उरली नाही. ती त्या खेळातील दुसरे पात्र झाली.

मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी प्राणिसंग्रहालयातील माकडांच्या खोट्या भांडणाचे निरीक्षण करून असे प्रतिपादिले, की खेळणाऱ्यांपाशी ‘हा खेळ आहे’ असा निरोप देण्याची काहीतरी सोय असावीच लागते. बहुरूप्याचा हा निरोप त्याच्या भाषेत असतो, लाकडी दंडुक्यात असतो, कागदी बिल्ल्यात असतो. शेवटी तो उघड शब्दांत सांगतो, ‘‘बहुरूपी हाय माय, पोटासाठी सोंग आणलंय.’’ यानंतरचा अधिकार घरधनिणीचा. सोंग आवडले तर ती सुपातून धान्य घालील. नाही आवडले तर ‘‘पुढं जा’’ म्हणेल. क्षणापूर्वी तिला अटक करायला आलेला आता तिच्यापुढे पदर पसरून उभा असतो.

तथापि त्या दारात एक जण खरोखरच फसला होता. दाराआड लपलेला सहा वर्षांचा नातू. बहुरूप्याच्या ते ध्यानात आले असावे. जाण्यापूर्वी तो उंबऱ्याशी वाकला, आपली टोपी काढली आणि त्या मुलाच्या डोक्यावर ठेवली. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे. या प्रसंगी मात्र टोपी डोक्यावर आली आणि भीती गेली.

४.३.२ थट्टेची शब्दसंपत्ती आणि तीन प्रत्यय

दुसऱ्याला खोट्यात पाडण्याच्या क्रियेसाठी मराठीत विपुल शब्द आहेत. थट्टा, मस्करी, गंमत, चेष्टा, फिरकी घेणे. टिंगल, टवाळी, कुचेष्टा, खिल्ली उडवणे, फजिती करणे. टोपी घालणे, गंडा घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे, बकरा बनवणे, मामा बनवणे. ‘चेष्टा’ हा शब्द मूळ संस्कृतात ‘हालचाल, प्रयत्न’ या अर्थाचा. ‘मस्करी’च्या मुळाशी विदूषक या अर्थाचा अरबी ‘मस्खरा’ हा शब्द आहे. या शब्दांकडे केवळ समानार्थी म्हणून पाहिले, तर त्यांच्यातील भेद हाती लागत नाही. तो भेद दिसतो व्याकरणात. ज्या व्यक्तीबाबत ही क्रिया घडते, तिच्या नावाला कोणता प्रत्यय लागतो, ते पुढील वाक्यांत पाहा.

(अ) मी त्याच्याशी मस्करी केली.
(आ) मी त्याची टिंगल केली.
(इ) मी त्याला टोपी घातली.

‘त्याच्याशी’मधील ‘शी’ हा तृतीयेचा प्रत्यय सोबत दाखवतो : त्याच्याशी बोललो, त्याच्याशी खेळलो, त्याच्याशी भांडलो. या सर्व क्रियांना दोघे लागतात आणि दोघेही कर्ते असतात. ‘त्याची’मधील षष्ठीचा प्रत्यय त्या व्यक्तीला क्रियेचा विषय बनवतो. टिंगल त्याची होते. पण तीत त्याने काही करावे लागत नाही, किंबहुना तो तेथे हजर असण्याचीही गरज नाही. ‘त्याला’मध्ये तर तो केवळ लक्ष्य आहे. क्रिया करणारा एकटा मी, भोगणारा एकटा तो.

आता अदलाबदल करून पाहा. ‘मी त्याच्याशी गंमत केली’, ‘माझ्याशी थट्टा करू नकोस’ ही वाक्ये कानाला खटकत नाहीत. पण ‘मी त्याच्याशी टिंगल केली’, ‘मी त्याच्याशी टवाळी केली’, ‘मी त्याच्याशी गंडा घातला’ ही वाक्ये कोणताही मराठी भाषक उच्चारणार नाही. थट्टा, मस्करी व गंमत हे शब्द ‘शी’ला जागा देतात, टिंगल, टवाळी व गंडा देत नाहीत.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. ‘त्याची थट्टा केली’ असेही आपण म्हणतो आणि ‘त्याची फसवणूक केली’ असेही म्हणतो. अर्थात ‘ची’ हा प्रत्यय सर्वांना चालतो, त्यामुळे केवळ तो दिसल्याने निर्णय होत नाही. निर्णायक कसोटी ‘शी’ची आहे. ज्या क्रियेत समोरच्याला भागीदार होण्याची वाट मोकळी आहे, तिलाच भाषा ‘शी’ बहाल करते. थट्टेत ही वाट असते, परंतु ती बुजवताही येते. बुजली, की थट्टा ‘त्याच्याशी’ न राहता ‘त्याची’ होते. ‘मस्करीची कुस्करी होणे’ हा वाक्प्रचार याच स्थित्यंतराचे नाव आहे. कुस्करणे म्हणजे चुरगाळणे. चुरगाळली जाते ती ज्याच्याशी मस्करी चालली होती ती व्यक्ती.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १*
(१) बहुरूप्याच्या संवादात ‘हा खेळ आहे’ ही खूण कोणत्या शब्दांतून मिळते?
(२) ‘शी’ हा प्रत्यय घेऊ न शकणारे टिंगलवाचक दोन शब्द लिहा.

४.३.३ रंगभूमी आणि चित्रपट यांतील बनवाबनवी

‘बनवणे’ या क्रियापदाची द्विरुक्ती होऊन ‘बनवाबनवी’ हा शब्द झाला आणि सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटाने तो घरोघरी नेला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर आधारित या कथेत राहायला जागा मिळावी म्हणून दोन तरुण स्त्रीवेष घेतात. त्याआधी आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’त हीच युक्ती इंग्रजी प्रहसनावरून मराठीत आणली होती. या कृतींत फसणारे पात्र असते. पण फसणारी व्यक्ती कोणीही नसते. घरमालकीण फसते, ती भूमिका करणारी अभिनेत्री फसत नाही. तिच्या हातात संहिता असते. म्हणून येथे आपण निर्धास्तपणे हसतो.

याउलट बाजू पाहायची, तर कुरुंदवाडपासून फार दूर नसलेल्या निपाणीकडे वळावे लागते. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकातील लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. एका प्रत्यक्ष खटल्यावरून सुचलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकर यांनी त्याची सारी सोंगे गाजवली. वेगवेगळी नावे, वेगवेगळे वेष घेऊन लखोबा स्त्रियांना लग्नाच्या जाळ्यात ओढतो. वेषांतराचे कौशल्य पाहिले तर लखोबा आणि बहुरूपी एकाच पंगतीत बसतील. मग दोघांत फरक कोणता? बहुरूप्याच्या सोंगाचा शेवट ‘तो मीच’ या कबुलीने होतो. लखोबा अखेरपर्यंत ‘तो मी नव्हेच’ म्हणत राहतो. नाटकाचे नावच उलगड्याला दिलेला नकार आहे.

४.३.४ सहकार्याचे तत्त्व : उघड आणि छुपे उल्लंघन

भाषातत्त्वज्ञ एच. पी. ग्राइस यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात संभाषणाचे एक तत्त्व मांडले. बोलणारे परस्परांना सहकार्य करीत आहेत, असे गृहीत धरूनच आपण एकमेकांचे बोलणे समजून घेतो. जे खोटे आहे असे स्वतःला वाटते ते बोलू नये, हा त्या सहकार्याचा एक नियम. हा नियम दोन प्रकारे मोडता येतो. पहिला प्रकार म्हणजे उघड उल्लंघन. नियम मोडला आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात यावे, अशाच रीतीने तो मोडलेला असतो. बहुरूप्याचे ‘सपनातलं दूध’ या प्रकारात मोडते. दुसरा प्रकार छुप्या उल्लंघनाचा. येथे नियम गुपचूप मोडला जातो आणि ऐकणाऱ्याची दिशाभूल होते. लखोबाचे प्रत्येक वाक्य याचे उदाहरण आहे.

अलीकडच्या काळात ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चाललेली फसवणूक पाहा. भामटा व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशात दिसतो, तुमच्या नावे वॉरंट असल्याचे सांगतो आणि भयभीत माणसाकडून खात्यातील रक्कम काढून घेतो. खाकी तीच, ‘वॉरंट’ हा शब्दही तोच. बहुरूप्याने मुद्दाम पेरलेले मांजर तेवढे येथून काढून टाकलेले असते. कोणत्याही कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ अशी तरतूद नाही, हे या निमित्ताने तुम्हीही ध्यानात ठेवावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे.

प्रँकचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. त्याची सुरुवात छुप्या उल्लंघनाने होते. भामट्याप्रमाणेच प्रँक करणाराही समोरच्याला खरोखर फसवतो. त्याला थट्टेच्या बाजूला आणणारी एकच गोष्ट असते : छुपे उल्लंघन थोड्या वेळाने उघड केले जाईल, हे न बोललेले वचन. म्हणजेच प्रँक ही एक प्रकारे उधारी आहे. समोरच्याचा विश्वास उसना घ्यायचा आणि उलगड्याच्या रूपाने परत करायचा. प्रँक चित्रपटाचे परीक्षण करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की उधारी फेडली का आणि कोणाला फेडली?

४.३.५ छुपा कॅमेरा आणि प्रँक चित्रपट

या प्रकाराचा आरंभ अमेरिकेत झाला. ॲलन फंट यांनी १९४७मध्ये रेडिओवर छुप्या ध्वनिक्षेपकाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो ‘कॅन्डिड कॅमेरा’ या स्वरूपाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाकडे वळला. गोंधळलेल्या माणसाला अखेर ‘हसा, तुम्ही कॅमेऱ्यासमोर आहात’ अशा आशयाचे वाक्य ऐकवले जाई. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत ही भाषिक कृती आहे. ‘मी या जहाजाचे नाव अमुक ठेवतो’ असे म्हणताच जसे नाव ठेवले जाते, तसे हे वाक्य उच्चारताच आधीच्या सर्व घटनांचा अर्थ बदलतो. भारतात १९९०च्या दशकाच्या अखेरीस सायरस ब्रोचा यांचा ‘बकरा’ हा कार्यक्रम एमटीव्हीवर लोकप्रिय झाला. ‘बळीचा बकरा’ या वाक्प्रचाराशी परिचित असलेल्या मराठी प्रेक्षकाला शीर्षकातच प्रत्यय ऐकू येतो : त्याला बकरा बनवले.

दूरचित्रवाणीवरील काही मिनिटांचा हा प्रकार पुढे चित्रपटाच्या लांबीला पोहोचला. त्यातील दोन परस्परविरोधी उदाहरणे पाहू.

लॅरी चार्ल्स दिग्दर्शित ‘बोराट’ (२००६) या चित्रपटात साशा बॅरन कोहेन हे कझाकस्तानच्या वार्ताहराचे सोंग घेऊन अमेरिकेत फिरतात. समोर येणारी बहुतेक माणसे खरी असतात आणि तीही त्याला खरा वार्ताहर समजतात. सत्ताधारी, प्रतिष्ठित किंवा उद्दाम माणसे त्याच्यापुढे आपले पूर्वग्रह मोकळेपणाने बोलून दाखवतात, तेव्हा हा बनाव समाजाचे वास्तव उघडे करतो. हे या चित्रपटाचे बलस्थान निर्विवाद आहे. पण त्याच चित्रपटात रोमानियातील ग्लोड या गरीब खेड्याचे चित्रण ‘बोराटचे गाव’ म्हणून येते. आपल्याला माहितीपट म्हणून सांगण्यात आले होते, अशी तेथील गावकऱ्यांची तक्रार होती. त्यांच्याकडे उघड करण्याजोगा अहंकार नव्हता. होते ते दारिद्र्य. एकाच चित्रपटात एकाच युक्तीचे दोन अर्थ होतात, ते समोर कोण उभे आहे यावरून.

या चित्रपटावरील खटले भाषेच्या विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात घ्यावेत असे आहेत. चित्रित झालेल्या काही व्यक्तींनी न्यू यॉर्कमधील न्यायालयात दाद मागितली. त्यांनी संमतिपत्रावर सह्या केल्या होत्या आणि त्यात ‘माहितीपटाच्या शैलीतील चित्रपट’ अशा अर्थाचे शब्द होते. या शब्दांवरून आम्ही माहितीपट समजलो, असे त्यांचे म्हणणे. ‘बोराट’ हा माहितीपटाच्या ‘शैलीतील’ चित्रपटच आहे, असे मानून न्यायालयाने २००८मध्ये त्यांचे दावे फेटाळले. सारा वाद एका ‘शैली’ शब्दावर येऊन ठेपला. ग्राइस यांच्या दृष्टीने पाहता, शब्द खरा होता, पण त्यातून निर्माण होणारा समज खोटा होता. कायद्याने शब्द पाहिला. संभाषणाचा अभ्यासक समजही पाहतो.

दुसरे उदाहरण ‘बॅड ट्रिप’ (२०२१) या चित्रपटाचे. दिग्दर्शक किताओ साकुराई, मुख्य भूमिकेत एरिक आंद्रे. दोन मित्रांच्या प्रवासाची काल्पनिक कथा खऱ्या, अनभिज्ञ माणसांच्या मधोमध घडवली आहे. येथे सोंग घेणारे स्वतःलाच संकटात आणि लाजिरवाण्या अवस्थेत टाकतात. समोरची सामान्य माणसे अनेकदा धावून येतात, समजूत घालतात, भांडण सोडवतात. हसू सोंगाड्याचे होते आणि प्रेक्षकाला आदर वाटतो तो फसलेल्याविषयी. शेवटी श्रेयनामावलीबरोबर उलगड्याची दृश्ये दाखवली आहेत : बनाव सांगितला जातो, माणूस चक्रावतो, मग पोट धरून हसतो. जॉनी नॉक्सव्हिल यांनी ८६ वर्षांच्या आजोबांचे सोंग घेतलेल्या ‘बॅड ग्रँडपा’तही (२०१३) अशी दृश्ये होती. प्रेक्षक या दृश्यांत जे हसू पाहतो ते ‘शी’चे हसू आहे. फसलेला माणूस शेवटच्या क्षणी का होईना, खेळात भागीदार झालेला असतो.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २*
(१) ग्राइस यांच्या नियमाचे उघड व छुपे उल्लंघन यांतील फरक एका वाक्यात सांगा.
(२) ‘बोराट’वरील खटल्यात कोणत्या शब्दाचा अर्थ निर्णायक ठरला?

४.३.६ उलगडा कापला जातो तेव्हा

उलगडा हा प्रँकचा शेवट वाटतो, पण त्याचे स्थान त्याहून मोठे आहे. तो काढून टाकला की आधीच्या सर्व भागाचा अर्थ बदलतो. याचे अत्यंत दुःखद उदाहरण आपल्या देशातच घडले आहे.

२०१८मध्ये अनेक राज्यांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या. त्यांबरोबर एक चित्रफीत फिरत होती : दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ही चित्रफीत वास्तविक पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेविषयी जागृती व्हावी म्हणून बनवलेली होती. मूळ चित्रफितीत तेच दुचाकीस्वार परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. फिरणाऱ्या चित्रफितीतून हा शेवट कापलेला होता. शेवटचे काही क्षण गेले आणि नाट्यरूप जागृतीचा ‘पुरावा’ झाला.

त्या अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. त्यांनी कोणतेही सोंग आणलेले नव्हते. गावोगाव फिरून पोट भरणारे ते लोक होते. परक्या माणसाला दारात उभे करून ‘कोण, कुठले?’ असे विचारण्याची आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याची रीत ज्या समाजात होती, त्याच समाजात हे घडले. आजीच्या उंबऱ्यावर बहुरूपी सुरक्षित होता, कारण खूण देणारा आणि खूण ओळखणारी, दोघेही एकाच भाषेत राहत होते. ती सामाईक भाषा नाहीशी झाली, तर सोंग घेणाऱ्यालाच नव्हे, तर कोणत्याही वाटसरूला धोका संभवतो. प्रत्येक अपुरी चित्रफीत, प्रत्येक न फेडलेली उधारी त्या सामाईक विश्वासातून थोडे थोडे खर्च करीत असते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ही थट्टा झाली की फसवणूक? पैसे परत दिल्यामुळे ‘त्याला गंडा घातला’ असे म्हणता येणार नाही. ‘‘गंमत केली’’ असे सांगितल्यामुळे बाजारात उलगडाही झाला, परंतु तो अपुरा. चित्रण चालू होते हे सांगितले नाही, ते दाखवायची परवानगी मागितली नाही, नको म्हणण्याची संधी दिली नाही. पुढे चित्रफितीतून तो अपुरा उलगडाही कापला गेला. प्रेक्षकांसाठी म्हातारा अजूनही हात जोडूनच उभा आहे. बहुरूप्याने भीती घालून अखेर आजीच्या हाती सूप दिले होते. येथे म्हाताऱ्याच्या हाती काहीच उरले नाही. म्हणून याला ‘त्यांच्याशी’ केलेली गंमत म्हणता येत नाही. ही ‘त्यांची’ टिंगल होय आणि प्रत्येक नव्या प्रेक्षकाबरोबर ती पुन्हा घडते. विद्यार्थिनीला त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर हे आहे.

४.४ सारांश

प्रँकमध्ये बनाव रचणारा, अनभिज्ञ व्यक्ती व प्रेक्षक असे तिघे असतात. बहुरूपी आपल्या भाषेतच खेळाची खूण पेरतो. नाटक-चित्रपटांतील बनवाबनवीत केवळ पात्र फसते. लखोबासारखा ठक उलगडा नाकारतो. प्रँक हे छुप्या उल्लंघनाने सुरू होते आणि उलगड्यानेच थट्टेच्या कोटीत येते. उलगडा त्याच व्यक्तीसमोर, पुरता आणि तिला नकाराचा अधिकार ठेवून झाला पाहिजे. ‘त्याच्याशी, त्याची की त्याला’ ही मराठी व्याकरणातून मिळणारी कसोटी अशा कृतींच्या परीक्षणास उपयुक्त ठरते.

४.५ पारिभाषिक शब्द

बनाव – खोटी परिस्थिती खरी भासावी अशी रचना.
खूण – ‘हा खेळ आहे’ हे सुचवणारे भाषिक वा दृश्य चिन्ह.
उलगडा – बनाव उघड करणारी कृती किंवा उक्ती.
भाषिक कृती – जी उच्चारताच एखादी गोष्ट घडते अशी उक्ती.
अनभिज्ञ व्यक्ती – बनावाची कल्पना नसलेली व्यक्ती.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) ‘सपनातलं दूध’, ‘डोळं मिटून बघणारे पंच’ या अशक्य कोटीतील शब्दयोजनेतून. (२) टिंगल, टवाळी.
प्रश्न २ : (१) उघड उल्लंघन ऐकणाऱ्याच्या लक्षात यावे म्हणून केलेले असते, तर छुपे उल्लंघन त्याची दिशाभूल करण्यासाठी असते. (२) ‘शैली’ (माहितीपटाच्या शैलीतील चित्रपट).

४.७ स्वाध्याय

(१) ‘प्रँक ही विश्वासाची उधारी आहे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
(२) बहुरूपी आणि लखोबा लोखंडे यांच्या सोंगांची तुलना करा.
(३) ‘मस्करीची कुस्करी’ या वाक्प्रचाराचा अर्थ तीन प्रत्ययांच्या आधारे उलगडून दाखवा.

४.८ क्षेत्रीय कार्य

(१) तुमच्या गावातील साठीपुढील दोन व्यक्तींना भेटून बहुरूप्याच्या सोंगांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. त्यांतील खुणेचे शब्द अधोरेखित करा.
(२) तुमच्या बोलीत ‘फसवणे’ या अर्थाचे किमान दहा शब्द वा वाक्प्रचार जमवा आणि कोणता ‘शी’ घेतो, कोणता घेत नाही, याचा तक्ता करा.
(३) मोबाइलवर आलेली एखादी प्रँक चित्रफीत निवडा. तीत उलगडा आहे का, तो कोणासमोर झाला आणि फसलेल्या व्यक्तीच्या हाती शेवटी काय उरले, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. उत्तरे मिळेपर्यंत ती चित्रफीत पुढे पाठवू नका.